सोनं बुडालं, युरेनियम वर राहिलं

सोन्याची घनता दर घनसेंटिमीटरला 19.3 ग्रॅम, युरेनियमची 19.1. वजनात जवळजवळ जुळी भावंडं. पृथ्वी नवी असताना वितळली, तेव्हा जड ते तळाशी गेलं आणि हलकं ते वर आलं, असं आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबाने दोघंही पोटात गडप व्हायला हवी होती. पण कवचात टनामागे युरेनियम सापडतं अडीच-तीन ग्रॅम, आणि सोनं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. गंमत म्हणजे, पृथ्वीच्या कच्च्या मालाशी जुळणाऱ्या आदिम दगडी अशनींमध्ये सोनंच युरेनियमच्या पंधरा-वीस पट असतं. मग ते गेलं कुठे?

मिसळीच्या रश्शाकडे बघा. तिखटाचा लाल रंग सगळा तर्रीत उतरतो, मीठ मात्र खालच्या पाण्यात राहतं. इथे वजनाचा संबंध नाही. कोण कशात विरघळतं एवढाच प्रश्न. तेल वर तरंगतं, म्हणून रंगही वर जातो. कोवळ्या पृथ्वीत वितळलेला खडक आणि वितळलेलं लोखंड असेच एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव होते. फक्त इथे 'तर्री' खाली बसली. लोखंड गाभ्याकडे निघालं, आणि त्यात विरघळणारं सोनं, प्लॅटिनम, इरिडियम, निकेल त्याच्याबरोबर गेलं. आज 2,900 किलोमीटर खाली सुरू होणाऱ्या त्या गाभ्यात पृथ्वीचं जवळपास एक तृतीयांश वस्तुमान आहे.

ही वाटणी ओळखली भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी, 1920च्या दशकात. तांब्याच्या भट्टीत धातू, गंधकाची संयुगं आणि वरची मळी असे थर पडतात, तसंच ग्रहाचंही झालं असणार, हा त्यांचा विचार. त्यावरून त्यांनी मूलद्रव्यांचे गट पाडले: लोहप्रेमी, गंधकप्रेमी, शिलाप्रेमी आणि वायुरूपात राहणारी. युरेनियम पक्कं शिलाप्रेमी. ऑक्सिजनची साथ ते सोडत नाही, म्हणून ते मळीतच राहिलं. शिवाय त्याचा आयन बहुतेक खनिजांच्या स्फटिकात नीट बसत नाही. खडक थोडा वितळला की ते आधी त्या रसात शिरतं आणि रसाबरोबर वर चढतं. म्हणून ते कवचात साचलं.

लोखंडाची निष्ठा मात्र दुटप्पी. मॅग्नेशियम, सिलिकॉन, ॲल्युमिनियम यांनी आपला वाटा घेतल्यावर उरलेला ऑक्सिजन ज्या लोखंडाला मिळाला, ते खडकात राहिलं. दख्खनच्या काळ्या पाषाणात वजनाने नऊ-दहा टक्के लोखंड आहे. कोकणातला जांभा लाल दिसतो तो लोखंडाच्याच ऑक्साइडमुळे.

हे सगळं कधी घडलं, हे सांगणारं घड्याळही याच वाटणीतून मिळालं, आणि मला ते या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. किरणोत्सारी हाफ्नियम-182 दर 90 लाख वर्षांनी निम्मं होत टंगस्टन-182 बनतं. हाफ्नियम शिलाप्रेमी, टंगस्टन लोहप्रेमी. गाभा उशिरा वेगळा झाला असता, तर हाफ्नियमपासून तयार झालेलं टंगस्टनही लोखंडाने ओढून नेलं असतं. पण आपल्या खडकांत आदिम अशनींपेक्षा टंगस्टन-182 चं प्रमाण किंचित जास्त आहे. म्हणजे हाफ्नियम-182 संपण्याआधीच लोखंड बरंचसं खाली गेलेलं होतं. 2002 मध्ये दोन गटांनी हे मोजलं आणि काळ आला सूर्यमालेच्या जन्मानंतर साधारण तीन कोटी वर्षं.

एक पेच मात्र उरतो. लोखंडाने इतकं चोख काम केलं असतं, तर वरच्या खडकांत सोनं आहे त्याहून कितीतरी कमी उरायला हवं होतं. बहुतेकांचं उत्तर असं: गाभा बंद झाल्यावर पृथ्वीच्या वस्तुमानाच्या अर्ध्या टक्क्याएवढे अशनी आदळले, आणि त्यांतलं सोनं-प्लॅटिनम खाली न्यायला तोवर मोकळं लोखंड उरलं नव्हतं. दुसरा पक्ष म्हणतो, फार खोलवरच्या दाबाखाली आणि उष्णतेत काही धातूंचं लोखंडावरचं प्रेम आटतं, म्हणून ते वर राहिले. ही बाजू तपासायला प्रयोगशाळेत हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये खडक आणि लोखंड दाबून, लेसरने वितळवून बघतात.