एकच नाव, दोन कलाकृती: ‘कोए नो कातची’ची मांगा आणि चित्रपट

‘कोए नो कातची’ पाहिलेला माणूस बहुधा ती वाचल्यासारखाच तिच्याविषयी बोलतो, आणि मग तिची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचलेल्याशी त्याचे खटके उडतात. ‘अ सायलेंट व्हॉइस’ या इंग्रजी नावानेही दोन्ही कलाकृती ओळखल्या जात असल्यामुळे घोळ वाढतो. योशितोकी ओइमा यांची मांगा ऑगस्ट २०१३ ते नोव्हेंबर २०१४ या काळात ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे ७ खंड झाले. नाओको यामादा दिग्दर्शित, क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओने बनवलेला ॲनिमेशन चित्रपट सप्टेंबर २०१६ मध्ये आला. त्याची लांबी साधारण १३० मिनिटे आहे.

कथेचा गाभा सारखाच आहे. सहावीच्या वर्गात आलेली कर्णबधिर शोको निशिमिया वहीत लिहून बोलते आणि शोया इशिदा तिची श्रवणयंत्रे हिसकावून फेकतो. पाच महिन्यांत ८ यंत्रे मोडली वा हरवली, त्यांची किंमत १७ लाख येन, असा हिशेब निघतो तेव्हा सगळा दोष शोयाच्या माथी येतो आणि काल त्याच्या खोड्यांवर हसणारा वर्ग आज त्याचाच छळ करू लागतो. जपानीत या छळाला ‘इजिमे’ म्हणतात. (आपण त्याला ‘चिडवाचिडवी’ म्हणून मोकळे होतो, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.) पुढे उच्च माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी तो हस्तभाषा शिकून, तिची जुनी वही घेऊन तिच्यासमोर उभा राहतो.

चित्रपट बहुतांशी शोयाच्या नजरेतून चालतो. मांगेत मात्र शोया इस्पितळात बेशुद्ध पडलेला असताना ओइमा त्याला बाजूला ठेवतात आणि नाओका उएनो, मिकी कावाई अशा जुन्या वर्गमैत्रिणींपैकी एकेकीच्या मनात शिरतात, त्यामुळे छळात सामील असूनही स्वतःला निर्दोष समजणारी मुले आतून कशी विचार करतात ते कळते. ५१व्या प्रकरणात पाळी शोकोची येते. तिथे इतरांच्या संवादांची अक्षरे अर्धवट, पुसट छापली आहेत. वाचणारा ओळीवर डोळे ताणतो आणि तरीही त्याच्या हाती पुरते वाक्य लागत नाही.

सर्वांत मोठा फरक कुटुंबाच्या चित्रणात आहे. चित्रपटातील शोकोची आई कठोर, काहीशी तुटक वाटते, आणि तसे का, याचे उत्तर तिथे जवळजवळ मिळत नाही. मांगेत ते आहे: मुलगी बहिरी असल्याचे समजताच नवरा आणि सासरचे लोक गरोदरपणातील आजाराचे खापर आईवर फोडून नाते तोडतात, आणि त्या वेळी शोकोची धाकटी बहीण युझुरू तिच्या पोटात असते. माझ्या मते ही पाने न वाचता त्या आईविषयी मत बनवणे अन्यायाचे आहे. पूर्वीचे वर्गशिक्षकही मांगेत पुन्हा भेटतात, कारण तिथे शोयाची मित्रमंडळी स्वतःच एक चित्रपट बनवत असतात आणि त्याच्या चित्रीकरणासाठी जुन्या शाळेत परवानगी मागायला जातात. हा उपकथाभाग चित्रपटात वगळलेला आहे.

तरीही चित्रपट म्हणजे मांगेचा संक्षेप, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ऐकू न येण्याची गोष्ट सांगताना त्याला आवाज वापरता येतो, आणि तो वापर अतिशय विचारपूर्वक केलेला आहे: संगीतकार केन्सुके उशिओ यांनी पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवून सुरांबरोबर त्यातील यंत्रणेची खुडबुडही ध्वनिमुद्रित केली. ज्यांच्याकडे पाहण्याचे धाडस शोयाला होत नाही, त्यांच्या चेहऱ्यांवर मांगा आणि चित्रपट दोन्हींत फुल्या आहेत. चित्रपटाच्या अखेरीस शाळेच्या उत्सवात तो कानांवरचे हात काढतो, फुल्या गळून पडतात आणि भोवतालचा कलकलाट एकदम आत येतो. तो लोंढा कागदावर आणता आला नसता.

चित्रपट तिथेच थांबतो. मांगा आणखी पुढे, ही मुले विशीत येऊन प्रौढत्वाच्या समारंभाला जमतात तिथवर जाते. तोवर शोको केशकर्तन शिकण्यासाठी टोकियोला गेलेली असते. जुन्या वर्गाच्या स्नेहमेळाव्याच्या दाराशी दोघे क्षणभर थबकतात, शोया तिचा हात धरतो आणि दार ढकलतो.