झोपेतील श्वासरोध आणि निद्रानाश यांचा एकत्र आढळ

झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणे म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, मराठीत झोपेतील श्वासरोध. झोप न लागणे, मध्येच मोडणे किंवा पहाटे फार लवकर उडणे म्हणजे निद्रानाश. हे दोन्ही विकार एकाच माणसाला असतात तेव्हा त्या स्थितीला वैद्यकात ‘कोमिसा’ म्हणतात. ही जोडी समजली जाते त्याहून बरीच सर्रास आढळते. अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार श्वासरोधाच्या रुग्णांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना निद्रानाश, तर निद्रानाशाच्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना श्वासरोध असतो.

अभ्यासागणिक आकडा खालीवर होतो, कारण मोजपट्टी बदलते. नुसती ‘झोप नीट येत नाही’ ही तक्रार धरली की प्रमाण वाढते. आठवड्यातून किमान ३ रात्री, किमान ३ महिने आणि दिवसाही त्रास, हा निकष लावला की ते उतरते. श्वासरोधातही श्वास किमान १० सेकंद अडला किंवा उथळ झाला तरच तो प्रसंग मोजतात. तासाला ५ प्रसंगांपासून सौम्य, १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र अशी प्रतवारी आहे.

घरात मात्र हे दोन विकार एकमेकांच्या उलट समजले जातात. घोरणारा म्हणजे गाढ झोपलेला, आणि रात्रभर कूस बदलणारा म्हणजे काळजी करणारा. या समजुतीमुळेच जोडी नजरेतून निसटते, आणि दवाखान्यातही अनेकदा तेच घडते. घोरण्यासाठी माणूस कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जातो, झोप येत नाही म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे. एकाकडे सांगितलेले दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. झोपेचे संशोधक क्रिस्तियाँ गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी हे दोन्ही विकार एकत्र असलेल्या रुग्णांचे वर्णन १९७३ मध्येच केले होते. तरी पुढची जवळजवळ तीन दशके त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि घशाचे स्नायू ताठ होऊन वाट मोकळी होते. बहुतेक जण त्याच क्षणी पुन्हा झोपतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. ज्यांची झोप मुळात सावध असते ते मात्र पुरते जागे होतात. छाती धडधडते, घड्याळात अडीच वाजलेले दिसतात आणि मग विचारांची माळ सुरू होते. अशा रात्री साचत गेल्या की अंथरूण दिसताच धास्ती वाटू लागते. उलट दिशेनेही हे चालते : झोप तुटक असेल तर श्वास स्थिर राहतो ती गाढ झोपेची अवस्था कमी मिळते. झोपविकारांचे डॉक्टर बॅरी क्रॅको यांनी २०१२ मध्ये श्वासाची कोणतीही तक्रार नसलेल्या २० निद्रानाशाच्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या जाग येण्याच्या सुमारे ९० टक्के प्रसंगांआधी श्वासाचा अडथळा नोंदला गेला होता. अभ्यास लहान आहे, पण विचार करायला लावणारा.

नाशिकमध्ये झोप मोडायला बाहेरचीही कारणे भरपूर आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत थर्ड शिफ्ट करून आलेला कामगार उन्हाच्या तिरिपेत पडदा ओढून आडवा होतो. शेतीची वीज रात्री असली की पाणी द्यायला रात्रीच मोटारीवर जावे लागते. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागा वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. एवढी सरळ कारणे समोर असताना ‘झोपेत श्वास अडतो का?’ हा प्रश्न कोण विचारणार? मुंबईत मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा विकार आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा तो आपल्याकडे नाही असे समजण्यात अर्थ नाही.

सगळ्यात चांगली साक्षीदार बहुधा बायको असते. ‘हे घोरता घोरता एकदम गप्प होतात, मी वाट बघत बसते, मग हिसका देऊन श्वास घेतात,’ हे वर्णन डॉक्टरांना फार उपयोगी पडते. बाईच्या बाबतीत हे सांगणारे सहसा कुणी नसते. स्त्रिया घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी आणि झोप न लागण्याचीच तक्रार अधिक करतात, आणि ती पाळी जाण्याच्या वयावर किंवा घरच्या ताणावर ढकलली जाते. त्या वयात श्वासरोधाचे प्रमाणही वाढते, हे तिथे राहून जाते.

निदानासाठी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची नोंद घेणारी तपासणी करतात. घरी नेण्याच्या साध्या यंत्रांत मेंदूच्या लहरी बहुधा नोंदल्या जात नाहीत, त्यामुळे माणूस किती वेळ खरोखर झोपला ते कळत नाही. समजा, ८ तासांच्या नोंदीत तो ४ तासच झोपला आणि श्वास ६० वेळा अडला. झोपेच्या तासांनी भागले तर तासाला १५, म्हणजे मध्यम विकार. नोंदीच्या तासांनी भागले तर साडेसात, म्हणजे सौम्य. निद्रानाश असलेल्यांचा श्वासरोध असा कागदावर हलका दिसतो. म्हणून अशा रुग्णांची तपासणी शक्यतो मेंदूच्या लहरींसह व्हावी.

उपचारातही जोडी आडवी येते. श्वासरोधावर मुख्य उपाय म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र. ते ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडले. ज्याला आधीच झोप येत नाही त्याला नाकावर मास्क लावून पडणे जड जाते, आणि यंत्र कपाटात जाते. ऑस्ट्रेलियात १४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी निद्रानाशासाठी सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची ४ सत्रे दिली आणि मग सीपॅप सुरू केले. अशा रुग्णांनी यंत्र सीबीटी न दिलेल्यांपेक्षा रात्री सरासरी ६१ मिनिटे जास्त वापरले. सीबीटीच्या पद्धतीत सुरुवातीला अंथरुणातला वेळ कमी करतात, त्यामुळे काही दिवस दिवसा पेंग वाढू शकते. मुंबई-आग्रा रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने ती डॉक्टरांना कामाची वेळ सांगूनच सुरू करावी. झोपेसाठी दारू घेणे मात्र उलटते : तिने घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास आणखी अडतो. झोपेच्या काही गोळ्यांनीही असे होऊ शकते, म्हणून घोरणाऱ्याने त्या मनाने घेऊ नयेत.