दवाखान्याची पायरी आणि जुना अविश्वास

मन ठीक नसतानाही आफ्रिकन-अमेरिकन माणूस डॉक्टरकडे जायला का कचरतो? 'लोक काय म्हणतील', चर्चवरचा भरवसा, पैशाची चणचण ही कारणं नेहमी पुढे येतात. ती खरी आहेत, पण अपुरी आहेत. वैद्यकशास्त्र या समाजाशी आजवर कसं वागलं, ते पाहिलं की हा अविश्वास अनुभवातून आलेला आहे हे लक्षात येतं.

अमेरिकेच्या १८४० च्या जनगणनेत उत्तरेकडच्या राज्यांतल्या, म्हणजे गुलाम नसलेल्या, स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण प्रचंड दिसलं. एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने आकडे तपासले, तेव्हा काही गावांत कृष्णवर्णीय रहिवाशांपेक्षा कृष्णवर्णीय वेडेच जास्त नोंदवलेले निघाले! तरीही स्वातंत्र्य या लोकांना सोसत नाही, हे सांगायला गुलामगिरीचे समर्थक तेच आकडे वापरत राहिले. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने तर पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रॅपटोमेनिया' नावाचा मनोविकार होतो असं मांडलं आणि इलाज म्हणून चाबूक सुचवला.

गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी मनोरुग्णालयं निघाली, आधी व्हर्जिनियात, मग इतर राज्यांत. मेरीलँडमधल्या क्राउन्सव्हिलची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. १९११ साली तिथे पहिले बारा रुग्ण आणले गेले, तेव्हा इस्पितळ उभंच नव्हतं. जंगल तोडण्यापासून बांधकामापर्यंतची कामं रुग्णांनीच केली. पुढेही शेती, विणकाम, धुणं चालूच राहिलं. कामाने मन सावरतं हे खरं, पण इथे पुनर्वसनाच्या नावाखाली फुकटची मजुरी होती आणि रुग्णांच्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी तेच भोगलेलं होतं. १९५० च्या दशकात तिथे अडीच हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती. जिच्या पेशींवर जगभर संशोधन झालं त्या हेन्रिएटा लॅक्सची मुलगी एल्सी याच इस्पितळात १९५५ साली वारली. दफनभूमीतल्या बहुतेक दगडांवर नाव नाही, फक्त क्रमांक आहे.

याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत वेगळं काही उभं राहिलं. १९४६ साली सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम, लेखक रिचर्ड राइट आणि पाद्री शेल्टन हेल बिशप हे त्यामागे होते. फी पंचवीस सेंट, नसतील तर तेही नाही. डॉक्टर पगाराविना संध्याकाळी बसायचे. घरभाडं, नोकरी, पोलिसांची भीती ही सारी दुखण्याचाच भाग आहे, असं धरून तिथे बोलणं ऐकून घेतलं जायचं. आज ज्याला समाजाधारित पुनर्वसन म्हणतात, त्याचं एक मूळ मला या तळघरात दिसतं. सरकारी पाठबळाशिवाय ते सुमारे बारा वर्षं चाललं.

१९६३ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने मोठ्या इस्पितळांऐवजी वस्तीतल्या केंद्रांचं आश्वासन दिलं. इस्पितळं रिकामी होत गेली, केंद्रं मात्र पुरेशी निघालीच नाहीत. त्याच काळात नागरी हक्कांसाठी पेटलेल्या कृष्णवर्णीय तरुणांवर स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचा शिक्का जास्त बसू लागला. १९७४ ची एका औषधाची जाहिरात पाहावी: मूठ आवळलेला संतप्त कृष्णवर्णीय पुरुष, आणि शांत करायला गोळी. याला वैद्यकीय क्षेत्राच्या आतूनही विरोध झाला. १९६९ साली कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. १९७० साली ब्रॉंक्सच्या लिंकन इस्पितळात कार्यकर्त्यांनी व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि तिथे अॅक्युपंक्चरचा वापर होऊ लागला.

२००१ च्या सर्जन जनरलच्या, म्हणजे देशाच्या प्रमुख सरकारी डॉक्टरच्या, अहवालाने उपचारांतली विषमता सरकारी कागदावर आणली. २०२१ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने वर्णभेदाला साथ दिल्याबद्दल माफी मागितली. पण देशातल्या मनोविकारतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीय अजून जेमतेम दोन टक्के आहेत, लोकसंख्येत तेरा टक्क्यांच्या आसपास असूनही. ही दरी बुजेपर्यंत आजारातून स्वतः सावरलेले सोबती, चर्चमधले गट आणि ऐकून घ्यायचं प्रशिक्षण घेतलेले न्हावी यांच्याकडेच लोक आधी वळणार, आणि सरकारी पैसाही त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.