दम आधी वाढतो, हाडं मागून येतात

लांबच्या पायी तीर्थयात्रेला निघायचं ठरलं की मन त्याच दिवशी वाटेला लागतं. रोज चालायला सुरुवात केली की तीन-चार आठवड्यांत दमही वाढतो. चढावर धाप कमी लागते, पोटऱ्या पूर्वीसारख्या भरून येत नाहीत, आणि आपण तयार झालो असं वाटू लागतं. फसगत होते ती इथंच. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत बदलतात, पण कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, आणि हाडांना महिने लागतात. दम आहे म्हणून माणूस चालत राहतो आणि पावलातलं हाड अजून त्या चालीला तयारच नसतं.

१८५५ साली ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करून आलेल्या तरुण सैनिकांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. पाय मुरगळलेला नाही, कुठं मार लागलेला नाही, तरी दुखणं मात्र खरं. याचं कारण कळायला क्ष-किरणांची वाट पाहावी लागली. तो शोध १८९५चा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, श्टेखोव या लष्करी डॉक्टरांनी अशा पावलांच्या क्ष-किरण चित्रांत बोटांमागच्या लांब हाडांना गेलेले तडे दाखवले. एकाही मोठ्या आघाताशिवाय, निव्वळ पावलांवर पावलं पडून ही हाडं तडकली होती. आज आपण याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. हाड जिवंत असतं आणि सतत स्वतःची डागडुजी करत असतं. चालण्याचा भार वाढला की काही पेशी आधी थकलेला, सूक्ष्म चिरा पडलेला भाग खणून काढतात. या कामाला साधारण तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तिथं नवं हाड भरतात, ते मात्र तीन-चार महिने चालतं. म्हणजे मधल्या काळात, आपला उत्साह अगदी भरात असताना, हाड थोडं पोकळच असतं. वीस किलोमीटर चालायचं म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार पावलं, आणि प्रत्येक पावलाला आपल्या वजनाहून थोडा जास्तच भार. म्हणून माझा आग्रह असा, की तयारी निदान चार महिने आधी सुरू करावी, अंतर थोडं थोडं वाढवावं आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी चालावं. त्या आठवड्यात वेळ वाया गेला असं कुणी वाटून घेऊ नये. खणलेली जागा भरून यायला तेवढी उसंत लागते.

त्वचेचं काम त्यामानानं लवकर होतं. फोड येतो तो कातडी वरून घासल्यामुळे, असा आपला समज असतो. खरं तर पाऊल टेकताना आतलं हाड पुढं-मागं सरकतं आणि कातडी मोज्याला धरून जागीच राहते. या ओढाताणीत त्वचेचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. घामानं ओलसर झालेली कातडी मोज्याला जास्त घट्ट धरते, म्हणून वाटेत मोजे बदलणं ही चैन नव्हे. बूट नवे कोरे नसावेत. ते विकत घ्यायचे तर संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. आणि जी पिशवी पाठीवर न्यायची, तिच्यासकटच सराव करावा.

उताराची तयारी मात्र बहुतेक जण विसरतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलतात, आणि त्या कामात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळतं. पण उताराचा एखादा बेताचा सराव झाला, की पुढचे काही आठवडे तेच स्नायू कितीतरी कमी दुखतात. उन्हाचंही तसंच. आठवडा-दोन आठवडे उन्हात थोडं थोडं चाललं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पाणी तहानेप्रमाणे प्यावं. बळेबळे लिटरच्या लिटर प्यायल्यानं रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून पाय दुखले नाहीत तरी रोज डोळ्यांनी तपासावेत. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सरावही सुरू करू नये.

आता मन. २०१४ साली टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना रिकाम्या खोलीत, हाती काहीही न देता, पंधरा मिनिटं आपल्याच विचारांसोबत बसवलं. सोबतीला फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणारं. हा झटका टाळायला पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहा जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. यात्रेत पंधरा मिनिटांचे सहा-सात तास होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून सरावातले निदान दोन दिवस फोन, गाणी, सोबत यांच्याविना चालावं. सुरुवातीला मन राहिलेली कामं मोजत बसतं, जुनी भांडणं उकरून काढतं. त्याला तसं करू द्यावं आणि चालत राहावं. ज्या शांततेसाठी आपण निघतो, तिची सवयही पायांसारखी हळूहळूच लागते असं मला मनापासून वाटतं.

आणि एक गोष्ट निघण्याआधी ठरवावी. संकल्प मोठा असला की थांबणं म्हणजे संकल्प मोडणं वाटतं आणि माणूस दुखणं रेटत जातो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की ‘असं झालं तर मी हे करीन’ असं नेमक्या शब्दांत आधीच ठरवलं, तर ऐन वेळी ते हातून घडण्याची शक्यता वाढते. तेव्हा संकल्पाच्याच कागदावर खाली लिहावं: टाच चुरचुरली तर त्याच क्षणी बूट काढून तिथं पट्टी लावीन. पावलाच्या किंवा नडगीच्या हाडावर बोटानं दाबून एकाच जागी दुखलं आणि रात्रीच्या विश्रांतीनंतरही ते राहिलं, तर त्या दिवशी चालणार नाही, डॉक्टरांकडे जाईन.