कॅपकॉम सीपीएस-२

सीपीएस-२ (कॅपकॉम प्ले सिस्टम २) हा जपानच्या कॅपकॉम कंपनीचा आर्केड यंत्रांसाठीचा (पार्लरमधल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांसाठीचा) बोर्ड. 'सुपर स्ट्रीट फायटर २' या खेळासोबत तो १९९३ मध्ये आला आणि त्यावरचा शेवटचा खेळ, 'हायपर स्ट्रीट फायटर २', डिसेंबर २००३ मध्ये निघाला. १९९६ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीच्या सीपीएस-३ वर अवघे सहा खेळ निघाले आणि १९९९ नंतर नवा खेळ आला नाही. थोरला भाऊ सीपीएस-२ मात्र त्यानंतरही चार वर्षे चालत राहिला.

रचना
बोर्डाचे दोन भाग असतात आणि दोन्ही प्लास्टिकच्या पेटीत बंद असतात. खालचा ए-बोर्ड सर्व खेळांना सारखाच. तो ५६ पिनांच्या जामा जोडणीने (आर्केड यंत्रांची प्रमाण वायर-जोडणी) कॅबिनेटला, म्हणजे यंत्राच्या कपाटाला, लागतो. वरच्या बी-बोर्डात खेळाच्या रॉम, म्हणजे खेळ कायमचा साठवलेल्या चिप, असतात. खेळ बदलायचा तर बी-बोर्ड काढून दुसरा बसवायचा, त्यामुळे पार्लरवाल्याला दर वेळी संपूर्ण संच विकत घ्यावा लागत नसे. पेटीचा रंग प्रदेशानुसार ठरे: जपानसाठी निळा, अमेरिका व युरोपसाठी हिरवा, उर्वरित आशियासाठी करडा, दक्षिण अमेरिकेसाठी नारिंगी. भाड्याने द्यायचे बी-बोर्ड पिवळ्या पेटीत येत.

मुख्य प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८०००, तर आवाजासाठी ८ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर आणि क्यूसाउंड ही ध्वनीची चिप. चित्र ३८४ × २२४ पिक्सेलचे. कागदावर हे आकडे साधेच वाटतात. खरी ताकद दिसते ती पडद्यावर एकाच वेळी हलणाऱ्या मोठ्या, गुळगुळीत आकृत्यांत.

जामा जोडणीत प्रत्येक खेळाडूला तीनच बटणे प्रमाण मानलेली आहेत. सहा बटणांच्या खेळांत लाथांची बटणे ए-बोर्डावरच्या वेगळ्या ३४ पिनांच्या जोडणीतून येतात. ठोसे चालतात पण लाथा नाहीत, अशी तक्रार आली की बोर्ड खोलण्याआधी ही वायर तपासावी. खेळ मध्येच अडकत असेल तर मल्टिमीटर थेट जामाच्या कडेला लावून ५ व्होल्ट पुरेसे पोहोचतात का ते पाहावे. पॉवर सप्लायपाशी आकडा बरोबर आणि बोर्डापाशी कमी, असे पुष्कळदा निघते. चित्र विस्कटत असेल तर दोन्ही बोर्ड वेगळे करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने कनेक्टर पुसावेत आणि पुन्हा घट्ट बसवावेत.

बॅटरी आणि 'आत्महत्या'
'स्ट्रीट फायटर २'च्या नकली बोर्डांनी कॅपकॉमला बेजार केले होते. म्हणून सीपीएस-२ मध्ये प्रोग्रामच्या सूचना सांकेतिक केल्या गेल्या. त्या उलगडण्याची किल्ली रॉममध्ये नसते, बी-बोर्डावर ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत ती असते. बॅटरी सुमारे २ व्होल्टखाली गेली की किल्ली पुसली जाते आणि यंत्र एकरंगी पडदा दाखवून थांबते. रॉम शाबूत असतात, त्या वाचता तेवढ्या येत नाहीत. यालाच छंदिष्ट मंडळी बोर्डाची आत्महत्या म्हणतात.

बॅटरी काढली तर फक्त विक्रमी गुण जातील, हा गैरसमज महागात पडतो. सेटिंग वेगळ्या ईईप्रॉम चिपमध्ये (विजेविनाही माहिती टिकवणाऱ्या) असतात. बॅटरीचे काम किल्ली सांभाळणे एवढेच. दुसरी फसगत मोजमापाची: या जातीच्या बॅटरीचा दाब जवळपास अखेरपर्यंत ३.६ च्या आसपास राहतो आणि मग झपाट्याने कोसळतो. आज मीटरवर दिसलेला चांगला आकडा पुढच्या वर्षाची हमी देत नाही. म्हणून बॅटरी बदलण्याचा निर्णय आकड्यावर नव्हे, बॅटरीच्या वयावर घ्यावा.

बदलायची ती अर्ध्या एए आकाराची, ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी, पत्र्याचे पाय आधीच जोडलेली. नुसत्या सेलवर थेट सोल्डर करू नये. उष्णतेने सेल फुटू शकतो. वीज बंद केल्यावर बोर्डात साठलेल्या प्रभारावर किल्ली काही मिनिटे टिकते. तेवढ्यात जुनी काढून नवी लावायची असते, त्यामुळे सर्व तयारी आधीच हाताशी असावी. सोल्डरिंग आयर्न तापवून, टोक टेकवण्याच्या क्षणी प्लग काढून ठेवावा, म्हणजे गळता प्रवाह स्मृतीपर्यंत जात नाही. ध्रुव उलटे लावले तर किल्ली गेलीच म्हणायची. स्प्रिंगचा होल्डर सोयीचा असला तरी वाहतुकीच्या धक्क्यात क्षणभर संपर्क तुटला की तोही बोर्ड मारतो.

संकेताचा भेद
२००१ मध्ये छंदिष्टांच्या एका गटाने चालू बोर्डातूनच उलगडलेला प्रोग्राम बाहेर काढण्याची वाट शोधली. त्यातून मेलेल्या बोर्डावर किल्लीविना चालणाऱ्या 'फिनिक्स' रॉम तयार झाल्या. २००७ मध्ये आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी मूळ पद्धतच उकलली: ६४ बिटांची किल्ली आणि चार-चार फेऱ्यांची दोन फाइस्टेल जाळी (माहिती टप्प्याटप्प्याने सांकेतिक करण्याची एक रचना). २०१६ पासून बाहेरून छोटे उपकरण जोडून मूळ किल्ली बोर्डात परत भरता येते. रॉमला हात न लावता बोर्ड जिवंत होतो, म्हणून संग्राहक फिनिक्सपेक्षा हाच मार्ग पसंत करतात.

खेळ
यादीत चाळीसएक खेळ आहेत आणि तिचा कणा मारामारीचाच: 'डार्कस्टॉकर्स', 'स्ट्रीट फायटर अल्फा', 'एक्स-मेन: चिल्ड्रन ऑफ द अॅटम'. पण टिकाऊ म्हणाल तर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स: शॅडो ओव्हर मिस्टारा' (१९९६) आणि 'एलियन व्हर्सेस प्रेडेटर' (१९९४). विमानांच्या खेळांत बाहेरच्या चमूंचा वाटा मोठा; 'गिगा विंग' टाकुमीचा, 'प्रोगिअर' (२००१) केव्हचा.

भारतातल्या पार्लरमध्ये 'मुस्तफा' नावाने गाजलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) मात्र या यादीत येत नाही. क्यूसाउंड असला तरी तो आधीच्या सीपीएस-१ च्या सुधारित बोर्डावरचा खेळ आहे.