फिल्टर-संदर्भ व मेजर

फिल्टर-संदर्भ : बिझनेस इंटेलिजन्स (व्यवसायाच्या आकडेवारीचे विश्लेषण) अहवालातील एखादा आकडा काढताना ज्या अटी लागू असतात, त्यांचा समुच्चय. स्लायसरमधील (वाचकाने मूल्ये निवडण्याच्या चौकटीतील) निवड, कोष्टकाच्या ओळी व स्तंभांची शीर्षके, पानावरचे आणि सबंध अहवालाचे फिल्टर यांतून तो घडतो. मेजर हे त्या संदर्भात दर वेळी नव्याने मांडले जाणारे सूत्र होय. त्याचे उत्तर आधी काढून साठवलेले नसते. पुढील विवेचन मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या डॅक्स या सूत्रभाषेला धरून आहे. ती 2010 च्या सुमारास एक्सेलच्या पॉवरपिव्हटबरोबर आली आणि 2015 पासून पॉवर बीआय या अहवाल-साधनामुळे सर्वदूर पोहोचली.

या कल्पनेचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकवाक्यता नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1993 मध्ये ‘ओलॅप’ (ऑनलाइन ॲनॅलिटिकल प्रोसेसिंग, म्हणजे विदेचे बहुमितीय विश्लेषण) ही संज्ञा मांडली, तेथून अनेक जण आरंभ धरतात. मात्र त्या लेखनाला एसबेस हे ओलॅप उत्पादन विकणाऱ्या आर्बर सॉफ्टवेअरचे पाठबळ होते, आणि एक्सप्रेस ही बहुमितीय प्रणाली साधारण 1970 पासूनच वापरात होती. त्यामुळे 1993 हे नामकरणाचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक. 1997 च्या सुमारास आलेल्या एमडीएक्स या बहुमितीय विदेच्या प्रश्नभाषेत प्रत्येक मितीचा (वर्ष, वस्तू अशा वर्गीकरणाच्या अंगाचा) ‘चालू सदस्य’, म्हणजे त्या क्षणी लागू असलेले मूल्य, असे. डॅक्सचा संदर्भ हे त्याचेच पुढचे रूप, असा एक पक्ष आहे. परंतु चालू सदस्य एकच असतो. वापरकर्त्याने दोन वर्षे एकदम निवडली, की त्यावर बेतलेली सूत्रे अडत. डॅक्समध्ये फिल्टर हा मुळातच मूल्यांचा संच, म्हणजे एक सारणी असतो. म्हणून त्याचे नाते संबंधात्मक विदागाराशी (सारण्यांत विदा ठेवणाऱ्या विदागाराशी) जोडणारा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

समजा, विक्री चहा 50, कॉफी 30 आणि साखर 120, अशी एकूण 200 लाख रुपये आहे. स्लायसरमध्ये फक्त चहा आणि कॉफी निवडली, तर चहाचा वाटा किती? भाजकात डॅक्सचे ‘ऑल’ हे फलन वापरल्यास वस्तूंवरील सर्व फिल्टर सुटतात आणि उत्तर 25 टक्के येते. ‘ऑलसिलेक्टेड’ कोष्टकातील ओळीचा फिल्टर सोडते, पण बाहेरची निवड राखते. भाजक 80 होऊन उत्तर 62.5 टक्के येते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. म्हणून मेजरच्या नावातच ‘एकूणातील’ की ‘निवडीतील’ हे लिहावे. ओळीओळीने फिरणाऱ्या सूत्राच्या आत ऑलसिलेक्टेड वापरू नये. तेथे त्याचे वर्तन अनपेक्षित असते.

संदर्भ बदलणाऱ्या ‘कॅल्क्युलेट’ या फलनामध्ये वस्तू = चहा अशी अट घातली, तर ती त्या स्तंभावरील आधीच्या फिल्टरची जागा घेते; परिणामी कॉफीच्या ओळीतही 50 दिसतात. ‘कीपफिल्टर्स’ लावल्यास दोन्ही अटी एकदम लागू होतात आणि कॉफीची ओळ रिकामी राहते. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. निवडलेले मूल्य सूत्रात घेण्यासाठी ‘सिलेक्टेडव्हॅल्यू’ आहे. एकाहून अधिक मूल्ये निवडलेली असल्यास ते रिक्त किंवा ठरवून दिलेले पर्यायी उत्तर देते. हा पर्याय लिहायचा राहून गेला, की अहवालात कोरी चौकट उमटते.

एकूणाची ओळ ही वरच्या ओळींची बेरीज नसते. तिच्या व्यापक संदर्भात मेजर पुन्हा मांडले जाते. चहा व कॉफी दोन्ही घेणारा ग्राहक दोन्ही ओळींत मोजला जातो, एकूणात एकदाच. नफ्याची टक्केवारीही एकूण नफ्याला एकूण विक्रीने भागूनच काढावी, टक्केवारींची सरासरी घेऊ नये.

क्लिक या दुसऱ्या अहवाल-साधनामध्ये हेच काम संच-पदावली करते : डॉलर चिन्ह म्हणजे चालू निवड, तर 1 म्हणजे निवड न मानता सर्व नोंदी. टॅब्लो या आणखी एका साधनामध्ये 2015 च्या 9.0 आवृत्तीपासून ‘फिक्स्ड’ पदावली आहे. ती साध्या मिती-फिल्टरच्या आधी मोजली जाते, त्यामुळे तो फिल्टर तिला लागू करायचा असल्यास त्याला ‘कॉन्टेक्स्ट’ फिल्टर करावे लागते.