बाहेरची हार्ड डिस्क केसमधून काढण्यापूर्वी

यूएसबी केबलने जोडायची हार्ड डिस्क आतून बहुधा साटा पद्धतीची, म्हणजे थेट मदरबोर्डलाही जोडता येणारी असते. संगणक यूएसबीवरून तिला स्कझी नावाच्या आज्ञासंचातील आज्ञा पाठवतो. साटा डिस्कला मात्र एटीए या दुसऱ्या आज्ञासंचातीलच आज्ञा कळतात. केसमधील, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या आवरणातील, लहानशी ब्रिज चिप या दोघांमधील दुभाषी असते.

वाचन-लेखनाचा अनुवाद सोपा असून त्यात सहसा चूक होत नाही. स्कझीतील ‘सिंक्रोनाइझ कॅश’ एटीएत ‘फ्लश कॅश’ होते, म्हणजेच तात्पुरत्या स्मृतीत थांबलेली माहिती कायमस्वरूपी लिहिली जाते. अडचण येते ती विरळ वापराच्या आज्ञांमध्ये. एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला) मोकळे झालेले ब्लॉक कळवणारी ‘अनमॅप’ आज्ञा ‘ट्रिम’ होऊन पोहोचायला हवी, पण काही चिपांना हा अनुवाद येतच नाही. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या ‘स्मार्ट’ नोंदी मागवण्यासाठी एटीए आज्ञा जशीच्या तशी स्कझीच्या पाकिटात घालून पाठवावी लागते, आणि चिपने ते पाकीट नाकारले तर तपासणीचे सॉफ्टवेअर काहीच दाखवत नाही. अशा वेळी डिस्क खराब आहे असा निष्कर्ष काढू नये.

सर्वांत फसवा प्रकार सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरील माहितीच्या क्रमांक दिलेल्या लहान कप्प्याच्या, आकाराचा आहे. जुन्या संगणकांना ५१२ बाइटच्या सेक्टरांचा ३२ बिटी क्रमांक वापरून सुमारे २.२ टेराबाइटपलीकडे जाता येत नसे, म्हणून काही केसमधील चिपा आठ सेक्टर एकत्र करून संगणकाला ४०९६ बाइटचा एकच सेक्टर असल्याचे भासवतात. अशी डिस्क काढून थेट मदरबोर्डला जोडली, की विभाजनांच्या (पार्टिशनच्या) नोंदीतील सेक्टर क्रमांक चुकीच्या जागा दाखवू लागतात आणि संगणक डिस्क ‘फॉरमॅट’ करण्याची परवानगी मागतो. माहिती जागेवरच असते. ती परवानगी दिल्यास मात्र खरोखरच नुकसान होते. काही चिपा तर पासवर्ड ठेवलेला नसतानाही सर्व माहिती सांकेतिक स्वरूपात लिहितात, त्यामुळे डिस्क धडधाकट असूनही दुसऱ्या केसमध्ये ती वाचता येत नाही.

म्हणून दुरुस्तीसाठी किंवा माहिती परत मिळवण्यासाठी डिस्क आमच्याकडे देताना तिची मूळ केस, अगदी ती बंद पडलेली असली तरी, सोबत द्यावी आणि डिस्क स्वतः काढली असल्यास तसे आम्हाला स्पष्ट सांगावे. एनव्हीएमई ही साटाहून वेगळी पद्धत असल्याने अशा एसएसडीच्या केसमधील चिप वेगळी असते. केवळ एनव्हीएमईसाठी असलेल्या केसमध्ये साटा पद्धतीची एम.२ (लहान पट्टीच्या आकाराची) एसएसडी चालत नाही. केस मागवण्यापूर्वी एसएसडीवरील लेबलचे छायाचित्र आम्हाला पाठवावे.